गयानाला जाण्यापूर्वी



आरंभी एक सोपा प्रश्न विचारतो. सुनील गावसकरांनी आपले पहिले कसोटी शतक कोणत्या गावी काढले? आपल्यांत क्रिकेटचे दर्दी पुष्कळ आहेत, तेव्हा उत्तर लगेच येईल : जॉर्जटाउन, मार्च १९७१, धावा ११६. पण हे जॉर्जटाउन कोणत्या देशात, असा पुढचा प्रश्न केला की सभा जरा गप्प होते. कोणी जमैका म्हणतो, कोणी बार्बाडोस, कोणी नुसते 'वेस्ट इंडीज' म्हणून मोकळा होतो. जॉर्जटाउन ही गयाना देशाची राजधानी. गयाना हे बेट नव्हे. दक्षिण अमेरिका खंडाच्या उत्तर किनाऱ्यावर, व्हेनेझुएला, ब्राझील आणि सुरिनाम यांच्या मध्ये तो देश आहे. ज्याच्यावरून गावसकरांनी आपल्या मुलाचे नाव रोहन ठेवले, तो रोहन कन्हाय याच देशातल्या एका उसाच्या मळ्यावर जन्मला. १९७५ साली वानखेडे मैदानावरच्या पहिल्याच कसोटीत नाबाद २४२ धावा काढणारा क्लाइव्ह लॉइड हाही तिथलाच.

या देशाला जाण्याचा बेत आम्ही चौघा सहकाऱ्यांनी केला आहे. अजून गेलो नाही. पैसे साठवणे चालू आहे. लोक विचारतात, आयुष्यात एकदाच परदेशी जायचे तर सिंगापूर, दुबई सोडून हे काय काढलेत? त्यांना दिलेले उत्तरच आज येथे जरा विस्ताराने मांडणार आहे. मी इतिहासाचा पंडित नाही. शाळा नववीपर्यंत झाली. गेली तीस वर्षे मी ऊसतोडणी मजूर आणि साखर कारखान्यांतील कामगार यांच्यात संघटनेचे काम करतो. जे वाचले ते शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले. तेव्हा पांडित्याची अपेक्षा ठेवू नये.

प्रवाशाचा नकाशा

गयानाचे क्षेत्रफळ सुमारे २ लाख १५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दोन-तृतीयांशाहून थोडे अधिक. लोकवस्ती मात्र जेमतेम आठ लाख, आणि त्यांतील दहांपैकी नऊ माणसे समुद्रकाठच्या एका चिंचोळ्या पट्टीत राहतात. बाकी सारे रान. गयाना या नावाचा अर्थ 'अनेक पाण्यांचा देश' असा सांगतात, आणि नकाशा पाहिला की तो पटतो. एसेक्विबो, डेमेरारा, बर्बीस, कोरेंटाइन अशा थोर नद्या दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत येऊन अटलांटिक महासागराला मिळतात.

पाहण्याजोगे काय, असे विचाराल तर यादी मोठी आहे. पोटारो नदीवरचा कायेट्यूर धबधबा एकाच उडीत २२६ मीटर खाली कोसळतो. भोवती मैलोगणती अरण्य, जवळपास धड गावसुद्धा नाही. जॉर्जटाउनहून लहान विमानाने जावे लागते. मध्यभागी इवोक्रामाचे राखीव अरण्य आहे, सुमारे ३ लाख ७१ हजार हेक्टरांचे. त्यात जग्वार वाघ, हार्पी गरुड, झाडांच्या शेंड्यांतून बांधलेली झुलती वाट. त्याच्याही दक्षिणेला रुपुनुनीचे गवताळ माळरान, तिथे मुंग्या खाणारे महाकाय अस्वलासारखे जनावर आणि नदीत माणसाएवढी पाणमांजरे. वायव्येला शेल बीचवर समुद्रकासवे अंडी घालावयास येतात. तळ्यांत परातीएवढ्या काय, बैलगाडीच्या चाकाएवढ्या पानांचे कमळ फुलते. राजधानीत सेंट जॉर्जचे १८९२ सालचे प्रार्थनामंदिर आहे. उंची ४३ मीटरांवर आणि बांधणी सगळी लाकडी.

जाण्याची तयारीही सांगून टाकतो. येथून थेट विमान नाही. युरोप किंवा अमेरिका खंडातील एखाद्या मोठ्या शहरात विमान बदलावे लागते, आणि त्या वाटेच्या देशाचा परवाना लागतो का हे आधी विचारून घ्यावे. पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस टोचून घ्यावी, नाहीतर परत येताना आपलेच सरकार अडवते. तिथे पावसाळे दोन : मोठा मे ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत, धाकटा नोव्हेंबरअखेर ते जानेवारी. म्हणून जावे ते फेब्रुवारी ते एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरात. आम्ही फेब्रुवारीचा तिसरा आठवडा धरला आहे. त्याला पावसाखेरीज दुसरेही कारण आहे, ते पुढे येईल.

प्रवासी मंडळ्यांच्या सगळ्या पत्रकांत पहिल्या दिवशी धबधबा असतो. राजधानी म्हणजे विमान बदलण्याची जागा. आम्ही कागद घेऊन बसलो आणि हा क्रम उलटा केला. धबधबा शेवटी. पहिला दिवस चिखलाचा.

चिखलाचा दिवस

गयानाचा किनारा निसर्गाने दिलेला नाही, तो माणसांनी केलेला आहे. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी किनाऱ्यावरील कित्येक ठिकाणच्या जमिनीहून वर असते. राजधानीचीही तीच गत. गावसकरांनी शतक काढले ते बोर्डाचे मैदानसुद्धा समुद्राच्या पातळीखाली आहे. पाणी अडविले आहे ते लांबच लांब बांधाने. आतले पावसाचे पाणी बाहेर काढायला कालव्यांच्या तोंडाशी लाकडी दरवाजे आहेत, त्यांना तिथे डच भाषेतून आलेल्या शब्दाने 'कोकर' म्हणतात. ओहोटी लागली की कोकर उघडायचा, भरती आली की बंद करायचा. हे काम दिवसातून दोनदा, शतकानुशतके चालू आहे. राखणदार झोपला तर गावात पाणी.

ही विद्या डचांची. सतराव्या शतकापासून ते या किनाऱ्यावर मळे घालीत होते. पण विद्या डचांची असली तरी फावडे त्यांच्या हातात नव्हते. ते आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या हातात होते. वॉल्टर रॉडनी नावाचा गयानाचा एक थोर इतिहासकार होऊन गेला. १३ जून १९८० रोजी जॉर्जटाउनमध्ये बॉम्बस्फोटात त्याचा प्राण घेण्यात आला; गयानाच्या कामकरी लोकांचा त्याने लिहिलेला इतिहास दुसऱ्या वर्षी प्रसिद्ध झाला. त्यात त्याने १९४८ च्या सरकारी साखर आयोगाचा हिशेब दिला आहे. उसाच्या दर चौरस मैलामागे पाण्याच्या निचऱ्याचे ४९ मैल चर आणि वाहतुकीचे व पाटाचे १६ मैल कालवे. हे खणताना गुलामांनी किमान १० कोटी टन चिकणमाती हलविली, तीही चिखलात आणि पाण्यात उभे राहून, फावड्याने.

हे पान वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. पाटाचे काम मी पाहिले आहे. ओल्या चिकणमातीचे एक घमेले उचलताना कंबर काय म्हणते, ते येथील काही श्रोत्यांनाही ठाऊक असेल. दहा कोटी टन! पिरॅमिड पाहावयास लोक इजिप्तला जातात. या माणसांचे पिरॅमिड आडवे पसरले आहेत आणि त्यांवर ऊस उगवतो, म्हणून कोणी पाहावयास जात नाही. आमचा पहिला दिवस त्या बांधावर जाईल.

बंडे आणि ढकलगाडी

दुसऱ्या दिवसासाठी आम्ही तारीख धरली आहे २३ फेब्रुवारी. १७६३ साली याच दिवशी बर्बीस वसाहतीत, कान्ये नदीकाठच्या एका मळ्यावर गुलाम उठले. कफी नावाचा गुलाम त्यांचा नायक झाला. गोरे सुमारे साडेतीनशे आणि गुलाम चार हजार. बघता बघता बहुतेक वसाहत बंडवाल्यांच्या हाती आली. वर्षाहून अधिक काळ लढा चालला, मग आपसांत फूट पडली, कफीने स्वतःचा अंत केला, डचांना कुमक पोहोचली आणि सूड घेतला गेला. दोनशे वर्षांनी, १९७० साली, गयानाने स्वतःला प्रजासत्ताक जाहीर करावयास हाच दिवस निवडला. आजही त्या दिवशी राजधानीत मोठा उत्सव असतो, आणि चौकात कफीचा पुतळा उभा आहे. एका फसलेल्या बंडाच्या तिथीवर प्रजासत्ताकाचा मुहूर्त धरणारे राष्ट्र पाहावे, म्हणून फेब्रुवारी.

पुढे वसाहत इंग्रजांकडे गेली. १८२३ च्या ऑगस्टमध्ये डेमेरारात दहा हजारांहून अधिक गुलाम उठले. त्यांचा वडीलधारा क्वामिना सुतार होता आणि पुढाकार घेणारा जॅक हा त्याचाच मुलगा. दोघे 'सक्सेस' नावाच्या मळ्यावर होते. मळ्याचा मालक लिव्हरपूलचा व्यापारी जॉन ग्लॅडस्टन, पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टनसाहेबांचे वडील. हे नाव ध्यानात ठेवा, ते पुन्हा येणार आहे. बंड चिरडले गेले, क्वामिना मारला गेला. गुलामांना उपदेश करणारा जॉन स्मिथ हा गोरा धर्मोपदेशक फाशीची शिक्षा होऊन तुरुंगातच वारला. त्याच्या मृत्यूने इंग्लंडात खळबळ उडाली.

१८३४ साली गुलामगिरी कायद्याने संपली आणि 'उमेदवारी' या गोंडस नावाखालची चार वर्षांची सक्ती १ ऑगस्ट १८३८ रोजी सुटली. भरपाई मिळाली ती मालकांना. साऱ्या साम्राज्यातील मालकांना मिळून दोन कोटी पौंड. गुलामांना मिळाले ते हात हलवीत मळ्याबाहेर पडण्याचे स्वातंत्र्य. पण या लोकांनी काय केले पाहा. १८३९ च्या नोव्हेंबरात पाच मळ्यांवरचे ८३ माजी गुलाम एकत्र आले, त्यांनी वर्गणी केली आणि नॉर्थब्रुक नावाचा पडलेला मळा तीस हजार गिल्डरांस विकत घेतला. चिल्लर इतकी होती की ती ढकलगाडीत घालून नेली. त्या गावाचे नाव व्हिक्टोरिया. गाव आजही आहे आणि आमच्या यादीत आहे. सहकार हा शब्द आपण आपल्या कारखान्यांच्या कमानींवर रंगवितो. त्याचा एक जुना पाठ त्या ढकलगाडीत आहे.

डमराचे गिरमिट

आता गोष्टीचा अवघड भाग येतो.

मोकळे झालेले मजूर मजुरीचा भाव करू लागले. मळेवाल्यांना भाव करणारा मजूर नको होता. ग्लॅडस्टनसाहेबाने हे आधीच ओळखले होते. १८३६ च्या जानेवारीत त्याने कलकत्त्याच्या एका पेढीस पत्र लिहून आपल्या मळ्यांसाठी हिंदी मजूर मागविले. 'व्हिट्बी' आणि 'हेस्परस' ही दोन जहाजे कलकत्त्याहून निघून ५ मे १८३८ रोजी डेमेरारास पोहोचली. ३९६ हिंदी माणसे उतरली. म्हणजे आफ्रिकन मजुराची उरलीसुरली बेडी गळून पडावयास तीन महिने बाकी होते, तेव्हाच त्याच्या जागी दुसरा माणूस उभा होता. मध्ये काही वर्षे ही भरती बंद पडली. १८४५ पासून ती पुन्हा सुरू झाली आणि १९१७ पर्यंत सुमारे २ लाख ३९ हजार माणसे गेली. त्यांतील साधारण एक-तृतीयांश परतली. बहुतेक बिहार आणि संयुक्त प्रांतांतली, थोडी मद्रासेकडची. आपली कोकणातली मराठी माणसे मॉरिशसला गेली. या वाटेला ती फारशी लागली नाहीत. करारनाम्याच्या इंग्रजी शब्दाचे त्यांनी 'गिरमिट' केले, आणि डेमेराराचे 'डमरा'.

गिरमिट पाच वर्षांचे. मळ्याबाहेर जायचे तर चिठ्ठी लागे. काम चुकले तर तो दिवाणी मामला नव्हे, फौजदारी गुन्हा. शिक्षा दंडाची किंवा तुरुंगाची. राहावयास गुलामांच्याच जुन्या चाळी. आमच्या भागात मुकादम हंगामापूर्वी घरी येऊन 'उचल' देतो, नवराबायको मिळून 'एक कोयता' धरतो, आणि उचल फिटेपर्यंत त्या कोयत्याला फड सोडता येत नाही. दोन्ही एकच आहेत असे मी म्हणणार नाही. आमच्या मजुराला गावची वाट तरी मोकळी असते. परंतु गिरमिटाची कलमे वाचताना मला ती कोणाला समजावून विचारावी लागली नाहीत.

१८४२ साली मळेवाल्यांनी मजुरी कापण्याचे नियम केले. मोकळ्या आफ्रिकन मजुरांनी संप केला आणि जिंकला. १८४८ साली मजुरी पुन्हा चौथाईने कापली. पुन्हा संप झाला; मळे जवळजवळ तीन महिने धुमसत होते. या वेळी संप हरला, कारण गिरमिटवाले हिंदी आणि मदेरा बेटावरून आणलेले पोर्तुगीज मजूर कामावर राहिले. त्यांनी कामावर न राहावे तर तुरुंग. पण संपवाल्याच्या डोळ्यांना तुरुंग दिसत नाही, त्याला आपल्या जागी चाललेला दुसऱ्याचा कोयता दिसतो. गयानाच्या पुढल्या दीडशे वर्षांतील आफ्रिकन आणि हिंदी यांच्या वैराचे मूळ पुष्कळ अंशी या एका वर्षात आहे.

येथे मला स्वतःचे एक सांगितले पाहिजे, नाहीतर हे सारे परक्याच्या घरचे बोलणे होईल. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या भागात तोडणीच्या दरासाठी आम्ही कोयता बंद केला. नवव्या दिवशी एका कारखान्याने दूरच्या दुष्काळी तालुक्यातून टोळ्या आणल्या. रात्री आम्ही फाट्यावर त्यांचे ट्रक अडविले. मी दगडावर उभा राहून भाषण केले. फितूर म्हणालो, पोटभरू म्हणालो, आणखीही बोललो. टाळ्या पडल्या. एका ट्रकच्या फाळक्याशी लेकरू घेऊन बसलेली एक बाई शांतपणे म्हणाली, "दादा, तुमी भाव मागितला तवा आमाला धरलं व्हतं का त्यात?" मी काही बोललो नाही. त्या रात्री आमच्या पोरांनी दोन ट्रकांच्या काचा फोडल्या. एका म्हाताऱ्याच्या डोळ्याला इजा झाली. संप चार दिवसांनी मोडला, आणि पुढल्या हंगामात त्या तालुक्यातला एकही माणूस आमच्या संघटनेत आला नाही. का यावा?

त्या बाईचा प्रश्न माझ्या पोटात राहिला. मी गयानाचा इतिहास वाचू लागलो तो कुतूहलाने, पण वाचीत राहिलो तो या प्रश्नापायी.

उत्तर मिळाले तो दिवस

हिंदी मजूर मुकाट होता असे मळेवाले सांगत, ते खोटे. १८६९ पासून मळ्यामळ्यांवर दंगे आणि गोळीबार यांची मालिकाच आहे. १८९४ साली बेचू नावाचा एक बंगाली तरुण गिरमिटावर एनमोर मळ्यावर आला. त्याला इंग्रजी लिहिता येत होते. त्याने जॉर्जटाउनच्या वर्तमानपत्रांत मळ्यांवरील अन्यायाची पत्रे लिहावयास सुरुवात केली, १८९७ साली सरकारी आयोगापुढे साक्ष दिली, बदनामीचा खटला अंगावर घेतला. एक गिरमिट्या मजूर लेखणी धरतो आणि गोऱ्या व्यवस्थापकांची झोप उडते! या माणसाबद्दल मला विशेष माया वाटते, ती का हे सांगावयास नको.

शहरात, बंदरावर, आफ्रिकन मजुरांचा पुढारी हुबर्ट क्रिचलो हा होता. हाही फार शिकलेला नव्हता. गोदीत ओझी वाहत असे. जानेवारी १९१९ मध्ये त्याने ब्रिटिश गयाना लेबर युनियन स्थापन केली. आपली आयटक मुंबईस स्थापन झाली ती १९२० साली, म्हणजे त्यानंतर. १ एप्रिल १९२४ रोजी क्रिचलोच्या संघटनेने गोदीत संप पुकारला. आणि मग जे पूर्वी घडले नव्हते ते घडले. डेमेराराच्या पूर्वतीरावरील मळ्यांचे मजूर, त्यांत बहुसंख्य हिंदी, आपल्या मागण्या घेऊन गोदीवाल्यांच्या संघटनेकडे शहराच्या वाटेने निघाले. ३ एप्रिलला रुइमव्हेल्ट येथे पोलिसांनी त्यांना अडविले आणि गोळ्या घातल्या. तेरा माणसे मेली.

त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर मला या रस्त्यावर सापडते. १८४८ ला ज्यांना कोणी धरले नव्हते, त्यांची नातवंडे-पतवंडे १९२४ ला आपण होऊन चालत आली, कारण या खेपेस त्यांना धरणारी संघटना होती. रुइमव्हेल्टच्या रस्त्यावर अर्धा तास उभे राहणे हा आमच्या बेतातील तिसरा दिवस.

चौथा दिवस एनमोरचा. १९४८ च्या एप्रिलमध्ये तिथल्या ऊसतोड्यांनी संप केला. कारण ऐकून आमच्या तोडणी मजुरांनी मान हलविली. पूर्वी ऊस तोडून खाली टाकावा एवढेच काम होते. मालकांनी तोडणीबरोबर भरणीही गळ्यात घातली. म्हणजे मोळी डोक्यावर घेऊन कालव्यातील लोखंडी होडीपर्यंत न्यायची आणि भरायची. संपवाल्यांची मागणी होती की ही पद्धत बंद करा आणि आम्ही निवडलेल्या संघटनेला मान्यता द्या. १६ जूनला पोलिसांनी गोळीबार केला. पाच तरुण मेले : लालाबागी किसून, पूरन, रामबरन, दुखी आणि हॅरी जग. त्यांच्या प्रेतयात्रेत हजारो माणसे राजधानीपर्यंत, सुमारे २५ किलोमीटर, चालत गेली. त्या यात्रेत छेदी जगन नावाचा तरुण दंतवैद्य होता, पोर्ट मूरंट मळ्यावर जन्मलेला, गिरमिट्यांचा नातू. त्याने तिथे लढ्यास वाहून घेण्याची शपथ घेतली.

जुळले आणि तुटले

जगन आणि फोर्ब्स बर्नहॅम, एक हिंदी वंशाचा, दुसरा आफ्रिकन वंशाचा, यांनी मिळून एक पक्ष बांधला. एप्रिल १९५३ मध्ये सर्व प्रौढांना मतदान मिळून झालेल्या पहिल्याच निवडणुकीत त्यांनी २४ पैकी १८ जागा जिंकल्या. त्यांनी कायदा आणला की, कामगारांनी मतदानाने निवडलेल्या संघटनेस मालकाने मान्यता दिलीच पाहिजे. ज्यांनी १९८२ चा गिरणी संप जवळून पाहिला त्यांना या एका वाक्याचे वजन समजावून सांगावयास नको. सरकार १३३ दिवस टिकले. ९ ऑक्टोबर १९५३ रोजी इंग्रजांनी पलटणी उतरवून राज्यघटनाच स्थगित केली. जगन आणि बर्नहॅम दोघे मिळून दाद मागावयास निघाले, लंडनहून हिंदुस्थानात आले, नेहरूंना भेटले.

पुढचे सांगताना जीभ अडखळते. १९५५ साली ते दोघे वेगळे झाले. हळूहळू एक पक्ष हिंदी लोकांचा झाला, दुसरा आफ्रिकनांचा; आणि संघटनाही तशाच वाटल्या गेल्या. १९६३ साली जगन सरकारविरुद्ध ऐंशी दिवसांचा संप झाला, आणि त्यात अमेरिकेहून गुप्तपणे पैसा ओतला गेला हे आता उघड झाले आहे. १९६४ साली साखर मजुरांच्या संपात गावेच्या गावे वंशावरून पेटली. दीडशेहून अधिक माणसे मेली, शेजाऱ्याने शेजाऱ्याचे घर जाळले. २६ मे १९६६ रोजी स्वातंत्र्य आले ते अशा भाजलेल्या घरात. परकीयांनी फूट पाडली हे खरेच आहे. पण भेगेवाचून पाचर बसत नाही. भेग १८४८ ची होती, आणि ती बुजविण्याचे काम १९२४ आणि १९४८ ला ज्यांनी रक्त देऊन सुरू केले, त्यांच्या वारसांनी ते अर्ध्यावर टाकले. यात जगन, बर्नहॅम दोघेही आले, आणि आमच्यासारखे संघटनावालेही.

मग धबधबा

एवढे झाल्यावर आम्ही कायेट्यूरला जाणार आहोत. तिथेही एक गोष्ट विसरू नये. पुस्तकांत लिहितात की चार्ल्स बॅरिंग्टन ब्राउन या भूगर्भशास्त्रज्ञाने १८७० साली तो 'शोधून काढला'. पाटामोना लोक त्या रानात कितीतरी आधीपासून राहत होते. त्यांना तो धबधबा हरवलेला नव्हता. अरण्य आणि माळरान यांचे खरे धनी तेच आदिवासी आहेत. त्यांच्या गावी उतरावे, त्यांचाच वाटाड्या घ्यावा, पैसे त्यांच्या हाती जावेत, एवढे प्रवाशाला करता येते.

गयाना आज गरीब देश म्हणून ओळखला जात नाही. २०१५ साली त्याच्या समुद्रात खनिज तेलाचा मोठा साठा सापडला आणि डिसेंबर २०१९ पासून तेल निघू लागले. राजधानीत भाडी आणि भाव चढले आहेत, हे खर्चाच्या अंदाजात धरावे लागते. त्याच्या अलीकडेच, २०१६-१७ साली, चार सरकारी साखर मळे बंद झाले होते, त्यांत एनमोरही. हजारो तोडणी मजूर आणि कारखान्यातले कामगार घरी बसले. त्यांतील रोज हॉल पुढे पुन्हा चालू केला गेला. ज्या मातीसाठी दहा कोटी टनांचे काम झाले, जिच्यावर पाच पोरे पडली, तिच्यावरचे धुराडे थंड झाले. माझे वडील गिरणीत होते. थंड धुराड्याखालून चालण्याची मला सवय आहे. तिथल्या मजुरांना काय विचारायचे याचीही आम्ही यादी केली आहे. आफ्रिकन आणि हिंदी दोघे एका संघटनेच्या सभेला येतात का, हा त्यातला पहिला प्रश्न.

शेवटचा दिवस बोर्डाच्या मैदानाचा. समुद्राच्या पातळीखालच्या त्या हिरवळीवर मुंबईच्या एका एकवीस वर्षांच्या मुलाने शतक काढले, तेव्हा प्रेक्षकांत डमराच्या गिरमिट्यांची नातवंडेही असतील आणि व्हिक्टोरिया गावच्या ढकलगाडीवाल्यांची पतवंडेही. दोघांच्या पायाखालची जमीन एकाच फावड्याने वर आलेली, आणि दोघांनाही कोरडे ठेवणारा कोकर एकच.

तेव्हा आपणांपैकी कोणी कुठल्याही देशी निघालात, तर पाहण्याच्या स्थळांची यादी करा, लस टोचून घ्या, परवाने तपासा. आणि त्या यादीच्या वर एक ओळ लिहून ठेवा : ही जमीन कोणी वर आणली? आम्ही ती लिहिली आहे. खाली, कंसात, त्या ट्रकमधल्या बाईचा प्रश्नही मी स्वतःसाठी लिहून ठेवला आहे. तो घेऊन मी तिकडे जाणार, आणि परत आल्यावर त्या दुष्काळी तालुक्यातही जाणार. तिथे जावयास विमान लागत नाही, लस लागत नाही, आणि तरीही वीस वर्षांत मी गेलेलो नाही.